हप्ता चुकला तर दार लावून बसू नका

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेले भाषण)



संयोजकांनी मला मोठ्या पेचात टाकलं आहे. माझ्याआधी आपल्या डॉक्टर मैत्रिणीने गुडघेदुखीवर बोलून तुम्हाला जागं केलं, माझ्यानंतर जेवण आहे आणि मागून वांग्याच्या भाजीचा वास येतोय. अशा वेळी मी बोलायचं ते थकलेल्या गृहकर्जावर! पण मी हा विषय मागून घेतला. का, ते सांगतो.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे की मी पस्तीस वर्षं बँकेत होतो आणि गेल्या वर्षी निवृत्त झालो. शेवटची नऊ वर्षं वसुली विभागात गेली. घराच्या दारावर जी नोटीस चिकटवतात ना, ती चिकटवणारा माणूस मी होतो. एका घरी ताबा घ्यायला गेलो तेव्हा त्या घरातली आजी देव्हाऱ्यातले देव एकेक करून रुमालात बांधत होती. कुणी रडलं नाही, कुणी भांडलं नाही. आम्ही दाराबाहेर थांबलो. तिने शेवटी समई पुसली, पिशवीत ठेवली आणि मला विचारलं, “साहेब, आधी आलो असतो तर काही झालं असतं का?” मी काहीतरी पुटपुटलो. खरं उत्तर ‘हो’ असं होतं.

दुसरं कारण जास्त जवळचं आहे. पाच वर्षांपूर्वी आपण काही जण प्रीतिसंगमावर भेटलो होतो. तिथे आपल्यातल्याच एकाने मला सहज विचारलं, “काय रे, हप्ते थकले तर बँक नेमकं काय करते?” मी हसून म्हणालो, “तुला कशाला काळजी? तू पेन्शनवाला!” सगळे हसले, तोही हसला आणि विषय संपला. पुढे दीड वर्षाने एका सकाळी चहा घेताना वर्तमानपत्रातली कब्जा सूचना वाचली. सवयीने वाचतो मी अजून. कर्जदार म्हणून त्याच्या मुलाचं नाव होतं आणि सहकर्जदार म्हणून त्याचं. त्याच्या परवानगीने आज हे सांगतो आहे. नाव सांगणार नाही आणि तुम्हीही मागे वळून शोधू नका.

आपण साठी ओलांडली. आपली स्वतःची कर्जं बहुतेकांची फिटली आहेत. पण मुलांनी पुण्या-मुंबईत फ्लॅट घेतले आणि त्यांच्या कागदांवर आपल्या सह्या आहेत, सहकर्जदार म्हणून किंवा जामीनदार म्हणून. सही करताना आपण म्हटलं, “नुसती सहीच तर करायची आहे.” नुसती सही असं काही नसतं. जामीनदाराकडेही बँक संपूर्ण रक्कम मागू शकते. म्हणून हा विषय आपला आहे.

गणिताचे सर समोर बसले आहेत, तेव्हा आधी गणित.

समजा तीस लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षं मुदत. हप्ता येतो साधारण २६,०३५ रुपये. पहिल्या महिन्यात त्यातले २१,२५० रुपये नुसतं व्याज आणि मुद्दलात जातात जेमतेम ४,८०० रुपये. हे एवढ्यासाठी सांगतो की हप्ता जड झाला की सगळे म्हणतात, “मुदत वाढवून घेऊ.” वीसची तीस वर्षं केली तर हप्ता होतो साधारण २३,०६५. दहा वर्षं जास्त फेडायचं आणि महिन्याला सुटका तीन हजारांची! पगार थोडा कमी झाला असेल तर त्याचा उपयोग आहे. नोकरीच गेली असेल तर नाही. तेव्हा मागायची ती काही महिन्यांची सवलत, म्हणजे ठरावीक काळ हप्ता थांबवणं किंवा फक्त व्याज भरणं. त्या काळातलं व्याज माफ होत नाही, ते पुढे चढतं. पण श्वास घ्यायला वेळ मिळतो. आपल्याला नेमकं कोणतं औषध हवं आहे, ते बँकेत जाण्याआधी घरी बसून ठरवा.

आता दिवस कसे मोजले जातात ते ऐका. हप्ता चुकला की पहिले तीस दिवस, मग साठ, मग नव्वद अशा पायऱ्या आहेत. पहिल्या दिवसापासून बँकेच्या संगणकावर खात्याला खूण पडते. नव्वद दिवस उलटले की खातं ‘एनपीए’, म्हणजे अनुत्पादक होतं. हा नव्वदावा दिवस लक्षात ठेवा. त्याच्या अलीकडे शाखाधिकाऱ्याच्या हातात बरंच काही असतं. कर्जाची फेररचना सुचवणं, हप्त्याची तारीख बदलणं, वरच्या कार्यालयाकडे शिफारस करणं. त्याच्या पलीकडे फाईल वसुली विभागाकडे जाते आणि तिथे माझ्यासारखा माणूस बसलेला असतो. मी वाईट माणूस नव्हतो, पण माझ्या हातातली शिल्लक दर आठवड्याला कमी होत जायची.

इथे एक मोठा गैरसमज आहे. पूर्वी लोक म्हणायचे, एक-दोन हप्ते भरले की खातं पुन्हा सरळ होतं. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने हे स्पष्ट केलं की एकदा एनपीए झालेलं खातं तेव्हाच नियमित होतं, जेव्हा मुद्दल आणि व्याजाची सगळीच्या सगळी थकबाकी भरली जाते. म्हणजे नव्वद दिवसांच्या आत एक हप्ता भरला तर घसरण थांबू शकते. नंतर मात्र एका हप्त्याने काही होत नाही, सगळेच भरावे लागतात. तोच पैसा, पण आधी भरला तर त्याची किंमत जास्त.

आपल्या मित्राच्या घरी काय झालं? मुलाची नोकरी जूनमध्ये गेली. ऑक्टोबरपर्यंत त्याने साठवलेल्या पैशातून हप्ते भरले. आईवडिलांना सांगितलं नाही, ते काळजी करतील म्हणून. नंतर क्रेडिट कार्डावर पैसे उचलून दोन हप्ते भरले. साडेआठ टक्क्यांचं कर्ज फेडायला वर्षाला तीस-चाळीस टक्क्यांचं कर्ज! मग तेही थांबलं. बँकेचे फोन आले की तो फोन उलटा ठेवायचा. पुढे कऱ्हाडला वडिलांच्या पत्त्यावर रजिस्टर पत्र आलं. आपल्या मित्राने सही करून घेतलं, वाचलं, घडी घातली आणि कपाटात खणाच्या कागदाखाली ठेवलं. बायकोलाही सांगितलं नाही.

ते पत्र होतं साठ दिवसांची मागणी नोटीस. २००२ चा एक कायदा आहे, सगळे त्याला ‘सरफेसी’ म्हणतात. तारण ठेवलेलं घर कोर्टात दावा न लावता ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार तो बँकेला देतो. सहकारी बँकांना तो लागू आहे की नाही यावर बराच काळ वाद होता. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या, मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात ‘लागू आहे’ असा निकाल दिला. तेव्हा “आपली सहकारी बँक आहे, संचालक ओळखीचे आहेत” या भरवशावर राहू नका. पतसंस्थेचं कर्ज असेल तर रस्ता वेगळा, सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखल्याचा. पण तोही शेवटी जप्तीपर्यंतच जातो.

सरफेसीचा रस्ता असा आहे, आणि प्रत्येक वळणावर तुम्हाला काय करता येतं तेही सोबत सांगतो.

पहिली मागणी नोटीस. साठ दिवस मिळतात. लोकांना वाटतं ही धमकी आहे. मी म्हणतो ही मुदत आहे. या काळात लेखी उत्तर द्या. रक्कम चुकीची असेल, भरलेले हप्ते जमा झाले नसतील, दंड जास्त लावला असेल, तर मुद्देसूद लिहा. काही चूक नसेल तर अडचण काय, किती महिने लागतील आणि आज किती भरू शकतो ते लिहा. तुम्ही हरकत घेतली तर पंधरा दिवसांत कारणं देऊन उत्तर देणं बँकेवर बंधनकारक आहे. तोंडी बोललेलं हवेत जातं. पत्राच्या प्रतीवर पोच घ्या, शिक्का आणि तारीख घ्या.

मग कब्जा सूचना. दारावर लागते आणि सात दिवसांत दोन वर्तमानपत्रांत छापली जाते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. हा बहुतेक वेळा सांकेतिक ताबा असतो, माणसं घरातच राहतात. इथे लोक कोसळतात, कारण अब्रू गेली असं वाटतं. पण घर अजून गेलेलं नसतं. बँकेने नियम मोडले असतील तर पंचेचाळीस दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत, दाद मागता येते. मुंबई, पुणे, नागपूर इथे ती आहेत. ‘मला पैसे भरायला जमत नाही’ एवढं कारण तिथे पुरत नाही, बँकेची चूक दाखवावी लागते. वकील करण्याआधी हे समजून घ्या, नाहीतर फी जाते आणि दिवसही जातात.

त्यानंतर बँक जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा मुख्य दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करते आणि प्रत्यक्ष ताब्याचा आदेश मिळवते. मग मूल्यांकन, राखीव किंमत आणि लिलावाची सूचना. पहिल्या लिलावाआधी कर्जदाराला तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. पूर्वी लिलाव होईपर्यंत पैसे भरून घर सोडवता यायचं. २०१६ च्या दुरुस्तीनंतर हा हक्क लिलावाची सूचना प्रसिद्ध होण्याआधीपर्यंतच आहे. सर्वोच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये हेच सांगितलं. लिलावाच्या आदल्या रात्री भावाकडून, मेहुण्याकडून पैसे गोळा करून धावत आलेली माणसं मी पाहिली आहेत. पिशवीत पूर्ण रक्कम होती, आणि मला ती घेता आली नाही. सूचना छापली जाण्याचा दिवस हीच खरी शेवटची तारीख समजा.

वर्तमानपत्रात नाव वाचल्यावर मी त्याच दुपारी मित्राच्या घरी गेलो. त्याने दार उघडलं, माझ्या हातातला पेपर बघितला आणि म्हणाला, “तू वाचणार, हे माहीत होतं मला.” आम्ही बराच वेळ काही बोललो नाही. मग वहिनींनी चहा आणला आणि त्याने पहिल्यांदा त्यांच्यासमोर कपाटातलं ते पत्र काढलं. त्यावरचे साठ दिवस कधीच सरले होते. मला मात्र प्रीतिसंगमावरचा माझा स्वतःचा हसरा चेहरा दिसत होता.

त्याचा विचार होता, निवृत्तीची सगळी ठेव मोडायची आणि थकबाकी भरायची. बापाचं काळीज आहे, दुसरं काय सुचणार? मी म्हटलं, आधी कागद घे. मुलाला फोनवर घेतलं. त्याला तोवर नवी नोकरी लागली होती, पण पगार आधीच्या साठ टक्के. आम्ही एका बाजूला घरखर्च लिहिला, दुसऱ्या बाजूला हप्ता. थकबाकी बापाने भरली असती तरी पुढचा हप्ता त्या पगारात बसत नव्हता. सहा महिन्यांत पुन्हा तीच नोटीस आली असती आणि ठेवही गेलेली असती. संकट तात्पुरतं असेल तर घर वाचवा. पगार आणि हप्ता यांचा मेळ कायमचाच बसणार नसेल तर घर नाही, घरात अडकलेला पैसा वाचवा. हे वाक्य त्या दिवशी मला त्याच्या तोंडावर म्हणावं लागलं. बँकेत शेकडो लोकांना म्हटलं होतं, पण इतकं जड कधी गेलं नव्हतं.

पोराने फोन ठेवला. दोन दिवसांनी त्याचाच फोन आला, “काका, विकूया.”

आम्ही तिघे बँकेत गेलो. माझी बँक ती नव्हती, ओळखही नव्हती. एकरकमी तडजोडीबद्दल विचारलं, पण घराची किंमत कर्जापेक्षा बरीच जास्त होती, त्यामुळे बँक काही सोडायला तयार नव्हती. तेही बरोबरच आहे. मग आम्ही लेखी मागणी केली, स्वतः गिऱ्हाईक आणून विकायला मुदत द्या. सोबत थोडी रक्कम भरली, म्हणजे हेतू दिसतो. बँकेने दोन महिने दिले. त्यांनाही लिलाव नको असतो, त्यात खर्च आहे आणि वेळ जातो. खरेदीदाराला कर्जाचा बोजा असल्याचं पहिल्याच भेटीत सांगितलं. बँकेकडून येणे रकमेचं पत्र घेतलं. खरेदीदाराचा पैसा थेट कर्जखात्यात जमा झाला, बँकेने नाहरकत दिली, मग खरेदीखत झालं. सगळं फेडून अकरा लाख हातात उरले. बँकेने काढून ठेवलेली राखीव किंमत आमच्या विक्रीपेक्षा साडेसहा लाखांनी कमी होती. लिलावात जास्त रक्कम आली तर वरचे पैसे कर्जदाराचेच असतात, पण ताबा गेलेल्या घराला लोक भाव पाडूनच मागतात.

मुलगा आता भाड्याने राहतो. सून समजूतदार आहे. घर गेलं, हे खोटं कशाला सांगू? वास्तुशांतीला आपल्यातले काही जण जेवून आले होते त्या घरात. पण डोक्यावर कर्ज नाही, बापाची ठेव शाबूत आहे, आणि बापलेक एकमेकांशी बोलतात. यातली शेवटची गोष्ट मी सगळ्यात मोठी धरतो.

वेळ संपत आली, तेव्हा काही गोष्टी भराभर सांगतो.

हप्ता भरण्यासाठी क्रेडिट कार्ड, मोबाईलवरचं झटपट कर्ज किंवा परवाना नसलेला सावकार, या तिन्हींच्या वाटेला जाऊ नका. नोकरी नक्की लागणार असेल आणि दोन-तीन महिन्यांचाच प्रश्न असेल तर बँकेतलं सोनेतारण कर्ज त्यापेक्षा बरं. पण तेही फेडायची तारीख ठरवून.

“हप्ते भरणं बंद करा, आम्ही निम्म्यात मिटवून देतो,” असं सांगून फी घेणारे लोक फोन करतात. नव्वद दिवस त्यांचं ऐकण्यात जातात. तडजोड करायची तर बँकेशी थेट करा आणि लेखी मंजुरीशिवाय एक रुपयाही देऊ नका. लोक अदालतीतही मिटवता येतं. तिथे कोर्ट फी नाही आणि झालेला निवाडा पक्का असतो.

वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. शिवीगाळ, शेजाऱ्यांसमोर तमाशा, हे चालत नाही. आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. त्याला पैसे पडत नाहीत. एप्रिल २०२४ पासून उशिराच्या दंडावर व्याज चढवायलाही मनाई आहे. खातेउतारा काढून तपासा.

घरातला कमावता माणूस गेला असेल तर कर्जासोबत विमा घेतला होता का, ते आधी बघा. कर्ज देताना अनेकदा तो गळ्यात मारलेला असतो आणि घरच्यांना पत्ताच नसतो. मी एका बाईंची फाईल लिलावाला निघालेली पाहिली आणि त्याच फाईलमध्ये विम्याचा कागद सापडला. दावा मंजूर झाला, घर राहिलं. तो कागद वर्षभर तिथेच होता, कुणी उघडून बघितला नव्हता.

आणि कर्ज पूर्ण फिटलं की थांबू नका. मूळ कागद तीस दिवसांत परत मिळाले पाहिजेत. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई आहे. सातबाऱ्यावरचा किंवा प्रॉपर्टी कार्डावरचा बोजा कमी झाला का, ते स्वतः डोळ्यांनी बघा.

शेवटचं. शाळेत असताना आपल्या वर्गात कुणाची फी थकली की वर्गशिक्षिका बाई नाव मोठ्याने वाचायच्या नाहीत. मधल्या सुट्टीत बोलावून हळूच सांगायच्या. माझं नाव दोनदा होतं त्यात. बाई आज इथे आहेत, त्यांना कदाचित आठवत नसेल, मला आठवतं. मी घरी सांगायला घाबरलो होतो, कारण वडिलांकडे पैसे नाहीत हे मला माहीत होतं. बाईंनी विचारलं, “वडिलांना सांगितलंस का?” मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, “सांग. सांगितल्याशिवाय कुणाला काही करता येत नाही.”

वसुलीच्या नऊ वर्षांत मला यापेक्षा वेगळं काही शिकायला मिळालं नाही. मुलांना आजच विचारा, हप्ता नीट जातोय का. रागावून नको, जेवताना सहज विचारा. त्यांनी सांगितलं तर आधी ऐकून घ्या. आणि आपल्यातल्या कुणाच्या घरी असं काही चालू असेल तर माझा नंबर आपल्या गटाच्या यादीत आहे. दिवसा फोन करा, रात्री करा. सातनंतर फोन न करण्याचा नियम वसुलीवाल्यांना आहे, मित्रांना नाही.

पाच वर्षांपूर्वी एका मित्राने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी आज दिलं. उशीर झाला, त्याबद्दल त्याची क्षमा मागतो. जेवायच्या रांगेत तो माझ्या पुढे उभा राहील, एवढं व्याज मी देणं लागतो.